सॉसेजला धुरी देण्याआधी

मे महिन्याच्या अखेरीस मेमोरियल डे आला की अमेरिकेतल्या मराठी घरांतून दरवर्षी तेच प्रश्न कानावर येतात. सॉसेज वरून छान तांबूस झालं, पण आत गुलाबी निघालं, आता टाकून द्यायचं का? एवढा धूर दिला तरी चव कडवट का लागते? 'पिंक सॉल्ट' म्हणजे आपलं सैंधवच ना? अपार्टमेंटच्या बाल्कनीत छोटं ग्रिल लावलं तर कोण बघतंय?

यातल्या निम्म्या गोंधळाचं मूळ एकच आहे. धुराने सॉसेज शिजतं, असं आपण धरून चालतो. धूर वास देतो, रंग देतो. शिजवते ती उष्णता, आणि ती आत किती पोचली हे रंगावरून, वासावरून किंवा बोटाने दाबून कळत नाही. म्हणून स्मोकरची जाहिरात बघण्याआधी पंधरा-वीस डॉलरचा, टोकदार सुईचा डिजिटल थर्मामीटर घ्या. तो नसेल तर पुढचं सगळं वाचून फारसा उपयोग नाही. या लेखातले आकडे फॅरनहाइटमध्ये आहेत, कारण तुमच्या ग्रिलवर आणि पाकिटावर तेच छापलेले असतात.

पाकिटावर काय लिहिलंय?

दुकानात शेजारी शेजारी ठेवलेली दोन सॉसेजेस दिसायला जुळी आणि वागायला अगदी वेगळी असू शकतात. पाकीट टोपलीत टाकण्याआधी उलटून बघा.

- कच्चं: 'अनकुक्ड' किंवा 'फ्रेश' असं लिहिलेलं असतं आणि मागे हाताळणीच्या सूचनांची चौकट असते. बऱ्याच दुकानांतलं ब्रॅटवुर्स्ट आणि इटालियन सॉसेज या गटातलं. धुरी द्यायला हेच सर्वांत चांगलं, कारण शिजेपर्यंतचा सगळा वेळ धुराला मिळतो.
- शिजवलेलं: 'फुली कुक्ड'. किलबासा, हॉट डॉग आणि चिकन-ॲपल वगैरे बहुतेक चिकन सॉसेजेस यात येतात. यातली पुष्कळशी कारखान्यातच धुरावलेली असतात. तुम्हाला फक्त गरम करायचंय आणि वरून आणखी थोडा वास द्यायचाय.
- मुरवून वाळवलेलं: सलामी, स्पॅनिश चोरिझो. हे कापून तसंच खातात. याला ग्रिलवर दोन तास ठेवलं तर चामडं होईल.

चोरिझोच्या नावावर तर हमखास घोटाळा होतो. स्पॅनिश चोरिझो बहुधा वाळवलेलं असतं. मेक्सिकन चोरिझो कच्चं आणि इतकं मऊ, की बहुतेक जण ते आवरणातून काढून तव्यावर मोकळं परततात. आपलं गोव्याचं चोरिस तिसऱ्याच जातीचं: व्हिनेगर, लाल मिरची आणि लसणीत मुरवलेले डुकराच्या मांसाचे तुकडे, उन्हात किंवा चुलीवरच्या धुरात सुकवून मण्यांच्या माळेसारखे बांधलेले. ते कांदा-बटाट्याबरोबर पाण्यात शिजवायचं असतं. आधीच खारट, आंबट आणि सुकं असल्यामुळे ग्रिलच्या कोरड्या उष्णतेत त्याचा कोळसा होतो. आणि ते भारतातून बॅगेत घालून आणायचा विचार असेल तर आत्ताच सोडा. भारतातून मांसाचे पदार्थ अमेरिकेत आणायला बंदी आहे. फॉर्मवर जाहीर केलंत तर माल जाईल, लपवलंत तर वर दंडही होईल.

आवरण कशाचं, हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे

डुक्कर किंवा गाय न खाणारे पाहुणे येणार असतील तर 'चिकन सॉसेज' एवढं वाचून थांबू नका. चिकन सॉसेज डुकराच्या आतड्याच्या आवरणात भरलेलं असणं अगदी नेहमीचं आहे. अमेरिकेच्या नियमानुसार आतील मांस एका प्राण्याचं आणि नैसर्गिक आवरण दुसऱ्याचं असेल, तर ते लेबलवर सांगावं लागतं. 'पोर्क केसिंग' हे शब्द बारीक अक्षरांत शोधा, सापडतील.

कोलॅजन आवरणाचं मात्र निराळं आहे. आवरण कोलॅजनचं आहे एवढं सांगणं बंधनकारक, ते कोणत्या जनावरापासून काढलं हे नाही. बाजारातलं बरंचसं कोलॅजन गुरांच्या कातडीपासून येतं. तेव्हा गाय वर्ज्य असलेल्यांसाठी कंपनीला फोन करा, नाहीतर आवरणच नसलेलं सॉसेज घ्या. बुचरकडे सुटं सॉसेज घेत असाल तर काउंटरवर सरळ विचारा. यात ओशाळण्यासारखं काही नाही.

कोल्ड स्मोकिंगच्या वाटेला जाऊ नका

इंटरनेटवर दोन पद्धतींचे व्हिडिओ एकमेकांत मिसळून दिसतात. हॉट स्मोकिंगमध्ये धूर आणि शिजणं एकाच वेळी होतं, ग्रिलच्या आतलं तापमान २२५ ते २५० अंश असतं. कोल्ड स्मोकिंगमध्ये तापमान ९० अंशांच्या खाली ठेवून तासन् तास, कधी दिवसच्या दिवस नुसता धूर देतात. मांस शिजत नाही.

४० ते १४० अंशांच्या पट्ट्यात जंतू भराभर वाढतात. त्यातच सॉसेज म्हणजे खिमा: पृष्ठभागावरचे जंतू दळताना आतपर्यंत गेलेले, वर आवरण, आत हवा नाही. बॉट्युलिझमचं विष तयार व्हायला याहून सोयीची जागा नाही आणि त्या विषाला वास किंवा चव असेलच असं नाही. कोल्ड स्मोकिंग करणारे कारागीर नायट्राइट, मीठ, आर्द्रता आणि तापमान यांचं गणित सांभाळून ते करतात. अंगणातल्या पार्टीसाठी एवढी जोखीम घ्यायचं काही कारण मला दिसत नाही. हॉट स्मोकिंगची चव पुरेशी झक्कास असते.

'पिंक सॉल्ट' म्हणजे सैंधव नव्हे

हा गोंधळ धोकादायक आहे, म्हणून सविस्तर. 'पिंक क्युअरिंग सॉल्ट', 'प्राग पावडर नंबर १' किंवा 'इन्स्टा क्युअर नंबर १' या नावाने मिळतं ते साधं मीठ आणि ६.२५ टक्के सोडियम नायट्राइट यांचं मिश्रण. चुकून स्वयंपाकात पडू नये म्हणूनच त्याला मुद्दाम गुलाबी रंग देतात. आपल्याकडे नेमकं उलटं होतं, कारण उपासाचं सैंधवही गुलाबीच.

- सैंधव घालून सॉसेज 'क्युअर' होत नाही. त्यात नायट्राइट नाही.
- क्युअरिंग सॉल्ट चवीपुरतं घालायचं नसतं. ५ पौंड मांसाला सपाट १ चमचा, तोही मोजायच्या टीस्पूनने. किलोच्या हिशेबात साधारण २.५ ग्रॅम. यापेक्षा जास्त घातलं तर ते विष आहे.
- नंबर २ च्या पुडीत नायट्रेटही असतं. ती महिनोन् महिने वाळवायच्या सॉसेजसाठी. धुरी देऊन त्याच दिवशी खायच्या सॉसेजला तिचं काम नाही.
- डब्यावर मोठ्या अक्षरांत मराठीत नाव लिहा आणि डबा मसाल्यांच्या फळीपासून लांब ठेवा. भारतातून आलेल्या आईच्या हाती तो पडला तर तिला कळायला मार्ग नाही.

आणि मुळात ते लागतं का? २२५ अंश किंवा त्याहून जास्त तापमानावर दोनेक तासांत शिजणाऱ्या ताज्या सॉसेजला लागत नाही. ग्रिल २०० च्या खाली ठेवून दिवसभर धुरी द्यायची असेल तर लागतं. पहिल्या मोसमात तुम्ही ते विकतच घेऊ नये असं माझं मत.

घरी भरायचं असेल तर

थोडक्यात सांगतो. पोर्क शोल्डर घ्या, चरबी पाव हिश्श्याहून कमी नको, मीठ वजनाच्या पावणेदोन-दोन टक्के. मांस आणि दळायची भांडी इतकी थंड हवीत की हात गारठेल. मिश्रण हाताला चिकटेपर्यंत मळा. रेशाद मसाला घालून गोव्याची चव आणता येते, पण त्यातल्या व्हिनेगरने मिश्रण भुसभुशीत होतं. तेव्हा मसाला घट्ट वाटा आणि अगदी शेवटी मिसळा. खारवलेली आतडी अर्धा तास कोमट पाण्यात भिजवून, नळाचं पाणी आतून सोडून धुऊन घ्या. भरण्याआधी चमचाभर मिश्रण तव्यावर भाजून चाखा, कारण नंतर मीठ सुधारता येत नाही.

आदल्या रात्री

गोठलेलं सॉसेज फ्रिजमध्येच पूर्ण वितळू द्या. अर्धवट गोठलेलं ग्रिलवर ठेवलं तर आतला भाग धोक्याच्या पट्ट्यात फार वेळ रेंगाळतो. मग पेपर टॉवेलने टिपून, जाळीवर सुटं सुटं मांडून, न झाकता रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी आवरण कोरडं आणि बोटाला किंचित चिकट लागेल. याच पृष्ठभागावर धूर धरतो. ओल्या सॉसेजवर धुराचे काळपट ओघळ उठतात आणि चव आंबूस होते. काट्याने टोचू नका. आतला रस आणि चरबी निखाऱ्यांवर गळून भडका उडतो आणि सॉसेज कोरडं पडतं.

ग्रिल मांडताना

वेगळा स्मोकर लागत नाही. गोल, झाकणाचं केटल ग्रिल पुरतं. १९५२ साली शिकागोत जॉर्ज स्टीफन यांनी धातूचा बोया मधोमध कापून पहिलं केटल ग्रिल केलं, ते झाकणासाठीच. उघड्या शेगडीवर वारा आणि पाऊस उष्णता टिकू देत नाहीत.

१. कडेने कोळशाच्या ब्रिकेट्सची अर्धगोलाकार रांग लावा: दोन शेजारी, त्यांच्यावर दोन. रांगेच्या सुरुवातीच्या भागावर लाकडाचे दोन-तीन तुकडे ठेवा.

२. आठ-दहा ब्रिकेट्स चिमनी स्टार्टरमध्ये राखाडी होईपर्यंत पेटवून रांगेच्या एका टोकाला ठेवा. आग सरकत सरकत पुढे जाते.

३. उरलेल्या मोकळ्या तळाशी ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्ये गरम पाणी. सॉसेज याच ट्रेच्या वर, निखाऱ्यांच्या वर नाही.

४. झाकण असं बसवा की वरचं छिद्र सॉसेजच्या डोक्यावर येईल. ते पूर्ण उघडं ठेवा. तापमान खालच्या झडपेने कमी-जास्त करा, आणि दर वेळी थोडंच. बदलाचा परिणाम दिसायला दहा-पंधरा मिनिटं जातात.

आपोआप पेटणारे, आधीच इंधन लावलेले कोळसे या रांगेसाठी घेऊ नका. प्रत्येक नवा कोळसा पेटताना रॉकेलसारखा वास सोडतो आणि तो थेट सॉसेजमध्ये उतरतो. झाकणावरच्या तबकडीवरही विसंबू नका. ती घुमटातलं तापमान सांगते, जाळीवरचं नाही.

गॅसचं ग्रिल असेल तर एका बाजूचा बर्नर लावा, दुसऱ्या बाजूला सॉसेज ठेवा. लाकडाच्या चिप्स फॉइलच्या पुडीत बांधून, वर दोन-चार छिद्रं पाडून पेटत्या बर्नरवर ठेवा. धूर येतो. कोळशाइतका दाट वास लागत नाही, पण आठवड्याच्या मधल्या संध्याकाळी मी यालाच पसंती देईन.

लाकूड आणि धुराचा रंग

सॉसेज आकाराने लहान, वास पटकन धरतं. सफरचंद, चेरी किंवा पीकानचं लाकूड निर्धोक. हिकरी जरा ठसठशीत, डुकराच्या मांसाला छान. मेस्कीट आपल्याकडच्या वेड्या बाभळीच्या नात्यातलं. त्याचा धूर उग्र असतो, सॉसेजला तुकडाभर पुरे. मध्य टेक्सासमध्ये जर्मन आणि चेक स्थलांतरितांच्या खाटीकखान्यांतून हा सॉसेजचा प्रकार रुजला. एल्गिनचं साउथसाइड मार्केट १८८२ पासूनचं. तिथे पोस्ट ओक जाळतात, कारण आसपास तेच भरपूर उगवतं. तुमच्या भागातही वाळलेलं ओक किंवा फळझाडाचं लाकूड स्वस्त मिळत असेल तर तेच घ्या. फॅन्सी पिशव्यांवर पैसे घालवू नका.

हे मात्र जाळायचं नाही:

- पाइन, सीडर किंवा कोणतंही चिकाचं, राळेचं लाकूड
- रंगवलेलं, कुंपणाचं, डेकचं किंवा पॅलेटचं लाकूड. त्यात रसायनं असतात.
- ओलं, हिरवं किंवा बुरशी आलेलं लाकूड
- कण्हेर. कॅलिफोर्निया, ॲरिझोना, टेक्सासमध्ये ती कुंपणाला सर्रास लावतात. कण्हेर विषारी, तिचा धूरही विषारी. काडी म्हणून सॉसेज टोचायलाही वापरू नका.

लाकूड पाण्यात भिजवायची गरज नाही. भिजवल्याने आधी वाफ निघते, धूर उशिरा येतो.

आता कडवटपणाचं कारण. पेटवल्यावर सुरुवातीला पांढरा, दाट, डोळ्यांना झोंबणारा धूर येतो. फोटोत तो छान दिसतो म्हणून लोक नेमके तेव्हाच सॉसेज ठेवतात. तो अर्धवट जळलेल्या लाकडाचा धूर, त्यातलं काजळीचं तेल जिभेवर बसतं. दहा-पंधरा मिनिटं थांबा. धूर विरळ आणि निळसर होतो, उन्हाच्या विरुद्ध बाजूने पाहिलं तरच नीट दिसतो. सॉसेज तेव्हा ठेवा. पुढे पुन्हा पांढरे लोट आले तर हवा कमी पडतेय, खालची झडप थोडी उघडा. धूर कोंडायला वरचं छिद्र बंद करणं हा कडवट सॉसेजचा हमखास रस्ता.

झालं कधी म्हणायचं?

कच्चं, सव्वा इंच जाडीचं सॉसेज २२५ ते २५० अंशांवर साधारण दीड-दोन तासांत होतं. पण घड्याळ हा अंदाज, निकाल थर्मामीटरचा. सुई टोकाकडून लांबीच्या दिशेने, मध्यापर्यंत घाला.

- डुक्कर, गाय, मेंढी यांचं कच्चं सॉसेज: १६० अंश (७१ सेल्सियस)
- चिकन किंवा टर्कीचं कच्चं सॉसेज: १६५ अंश (७४ सेल्सियस). थोडं चिकन मिसळलेलं असेल तरी हाच आकडा.
- 'फुली कुक्ड': अर्धा-पाऊण तास धुरी. गरोदर बाई आणि बाळंतपणासाठी भारतातून आलेले आजी-आजोबा खाणार असतील तर यालाही १६५ पर्यंत न्या, कारण लिस्टेरियाचा धोका त्यांना जास्त.

आकडा गाठला असेल तर आत गुलाबी दिसलं तरी खुशाल खा. धूर आणि नायट्राइट दोन्ही मांस गुलाबी ठेवतात. उलट, आतून पांढुरकं दिसलं आणि आकडा १४५ असेल तर ते कच्चं आहे.

दर दहा मिनिटांनी झाकण उघडून बघू नका. दर वेळी उष्णता निघून जाते आणि वेळ लांबतो. १७० च्या पुढे गेलं तर चरबी वितळून बाहेर येते आणि आत रवाळ भुसा उरतो. आवरण रबरासारखं लागत असेल तर शेवटी सॉसेज मिनिटभर निखाऱ्यांवर लोळवा, चावताना टचकन तुटेल. लगेच खायचं नसेल तर दोन मिनिटं बर्फाच्या पाण्यात बुडवून काढा, म्हणजे सुरकुतणार नाही.

कच्चं मांस नेलेली ताटली आणि चिमटा धुतल्याशिवाय शिजलेल्याला लावू नका. गर्दीत नेमकं हेच होतं.

शाकाहारी पाहुणे

मराठी घोळक्यात ते असणारच. शिवाय बार्बेक्यूच्या ऐन मोसमात श्रावण येतो, तेव्हा एरवी सगळं खाणारेही हात आखडतात. सर्वांत बरं म्हणजे वेगळं छोटं ग्रिल. ते नसेल तर जाळी घासून त्यांचे पदार्थ आधी करा, आणि कोणत्या ग्रिलवर केलंय ते न विचारताच सांगा. घट्ट पनीरच्या इंचभर जाड वड्यांना तेल लावून निखाऱ्यांपासून लांब अर्धा तास धुरी दिली की पनीर सॉसेजहून भाव खाऊन जातं. मक्याची कणसंही तशीच. शाकाहारी सॉसेज लवकर सुकतं, वीसेक मिनिटं बस्स. त्याचंही पाकीट वाचा, काहींत अंड्याचा पांढरा भाग असतो.

जागा आणि नियम

अनेक राज्यांनी आणि शहरांनी स्वीकारलेल्या इंटरनॅशनल फायर कोडप्रमाणे, लाकडी वगैरे जळाऊ बाल्कनीत किंवा जळाऊ बांधकामापासून १० फुटांच्या आत कोळशाचं ग्रिल लावता येत नाही. एक किंवा दोन कुटुंबांच्या घरांना यातून सूट आहे, स्प्रिंकलर असलेल्या इमारतींनाही काही ठिकाणी आहे. स्थानिक नियम याहून कडक असू शकतो. शहराच्या अग्निशमन विभागाच्या साध्या नंबरवर विचारा, ९११ वर नव्हे. अपार्टमेंटमध्ये राहात असाल तर लीजमधलं ग्रिलचं कलमही बघा. ते कोडपेक्षा कडक असेल तरी तुमच्यावर बंधनकारक असतं. जागाच नसेल तर बऱ्याच सार्वजनिक उद्यानांत कोळशाची ग्रिलं बसवलेली असतात.

एचओएने धुराबद्दल नोटीस पाठवली तर घाबरून ग्रिल विकू नका. कोणत्या कलमाखाली, ते लेखी मागा. कॅलिफोर्निया, टेक्सास, फ्लोरिडा अशा राज्यांत दंड करण्याआधी नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. पण वाऱ्याची दिशा बघून ग्रिल मांडणं आणि शेजाऱ्यांना आधी सांगणं याला पैसे पडत नाहीत. दोन सॉसेजेस त्यांच्याकडे पाठवलीत तर नोटिशीची वेळच बहुधा येणार नाही.

पाऊस आला म्हणून पेटतं ग्रिल गराजमध्ये घेऊ नका, दार उघडं ठेवूनसुद्धा नाही. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला रंग नाही, वास नाही. विझत आलेले निखारेही तो सोडत राहतात. राख दोन दिवस थंड होऊ द्या, मग झाकणाच्या धातूच्या डब्यात. प्लास्टिकच्या कचरापेटीत गरम राख टाकून आगी लागतात.

विकतच्या सॉसेजबद्दल शंका आली तर पाकीट आणि पावती टाकू नका. अमेरिकेच्या कृषी खात्याची मांसाविषयीची हेल्पलाइन १-८८८-६७४-६८५४ आहे. माल परत मागवला गेला असेल तर पाकिटावरचा कारखान्याचा क्रमांक आणि तारीख विचारली जाते.

उरलं तर

टेबलावर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. बाहेर ९० अंशांवर ऊन असेल तर एकच तास. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस, फ्रीझरमध्ये महिना-दोन महिने चव टिकते. पुन्हा गरम करताना १६५. दुसऱ्या दिवशी चकत्या करून फोडणीच्या भातात घालणार असाल तर मोहरी तडतडल्यावर कांद्याबरोबरच परता, आणि भाताला मीठ घालण्याआधी एक चकती चाखून बघा.